धाकटीची खोली

प्रिय मैत्रिणीस,

वरचं संबोधन वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील, तर जाऊ देत. 'प्रिय ताई' असं लिहायला घेतलं होतं, पण हात धजेना. तू मजेत आहेसच, तेव्हा खुशाली विचारत नाही. माझी विचारशील, तर माझ्या पोटात दुखतंय आणि ते औषधाने थांबणारं दुखणं नाही. हे फोनवर बोलता आलं नसतं. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, मध्येच काहीतरी बोलून हसवतेस, आणि मी हसले की माझा सगळा राग फुकट जातो. म्हणून पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही. आणि हो, या कागदांच्या मागच्या बाजूला काय छापलंय ते आत्ताच बघू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तरी आपलं सांगून ठेवते.

गेल्या सोमवारी सकाळी मी कामावर जायला बसमध्ये उभी होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वरची दांडी, आणि फोन वाजला. कसाबसा कानाला लावला, तर पलीकडून साखरेत घोळलेला आवाज. "मॅडम, काल आपल्याकडच्या दोघी आमची साइट बघून गेल्या. ताईंना हॉल फार आवडला हो!" मी म्हटलं, राँग नंबर. तो म्हणाला, "अहो पण ताई म्हणाल्या की," आणि मी फोन कापला. त्याच्या आदल्या सोमवारी एक बाई होत्या. त्यांच्या ताईंना बाल्कनी आवडली होती. त्याच्या आधी नदीपलीकडच्या कुठल्याशा इमारतीतून फोन आला होता, तिथे ताईंना स्वयंपाकघर जरा अंधारं वाटलं होतं. मी प्रत्येकाचं बोलणं अर्ध्यात तोडलं. तू रविवारी कुठे गेलीस, कितव्या मजल्यावर गेलीस, तुला काय आवडलं आणि कशाला तू नाक मुरडलंस, हे हल्ली मला तुझ्याकडून नाही, बिल्डरांकडून कळतं. आणि 'आपल्याकडच्या दोघी' म्हणजे कोण कोण, हे सांगायला मला कुणी लागत नाही.

तुझी नवी रूममेट. मी तिला मनातल्या मनात 'नवी' म्हणते. तिचं खरं नाव घ्यायची माझी इच्छा नाही, आणि माझ्या कॉटवर जी झोपते तिचं नाव मी घ्यावं अशी कुणी अपेक्षाही करू नये.

आता पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी मी लिहिणार आहे. कारण तू ते हल्ली दुसऱ्या कुणाला तरी दाखवत हिंडतेस, तेव्हा कुठली गोष्ट कुणी शोधून काढली होती, हे एकदा नीट नोंदलेलं बरं. लाँड्रीच्या वरची आपली ती खोली आठव. खालून इस्त्रीची वाफ यायची, वरून पत्रा तापायचा, आणि घरमालकीणबाईंचा नियम असा की दिवसा पंखा लावायचा नाही. रविवारी कॉलेजची लायब्ररी बंद, कँटीन बंद, खिशात बसचा पास आणि वर थोडी चिल्लर. बाकीच्या मुली सिनेमाला जायच्या. आपण दोघी जिन्यात बसून, फुकट गारवा या शहरात कुठे मिळतो, यावर डोकं लढवायचो. शहर एवढं मोठं होतं, आणि पैसे टाकल्याशिवाय कुठे नुसतं बसूही द्यायचं नाही.

केशकर्तन शिकवणाऱ्या संस्थेचा शोध माझा. तिथे शिकाऊ मुलींना डोकी हवी असतात, म्हणून केस फुकट कापून मिळतात, ही बातमी मी आणली. तुझे केस एका कानाच्या खाली आणि दुसऱ्या कानाच्या वर असे कापले गेले, त्याबद्दल तू मला आठवडाभर शिव्या दिल्यास. नंतर कॉलेजात दुसऱ्या दोघींनी ती फॅशन समजून उचलली, तेव्हा मात्र श्रेय तू घेतलंस. कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायची कल्पना तुझी, हे मी मान्य करते. पंखे चांगले, बाक रुंद, आणि भिंतीवरून भांडणारे शेजारी. त्या दोन भावांचा खटला आठवतो? एका म्हातारीच्या शिलाई मशीनवरून? तू धाकट्या भावाच्या बाजूने होतीस आणि मी थोरल्याच्या, आणि परत येताना बसमध्ये आपणच इतक्या भांडलो की कंडक्टर म्हणाला, उतरा आणि मग काय ते ठरवा. नाट्यगृहातल्या रंगीत तालमीचा शोध पुन्हा माझा. रिकाम्या खुर्च्यांत आवाज घुमतो म्हणून तिथल्या ध्वनिवाल्याला समोर माणसं बसलेली हवी असतात, हे मी त्याच्याच तोंडून काढून घेतलं होतं. एकाच नाटकाचा पहिला अंक आपण इतक्या वेळा पाहिला की ती नटी वाक्य विसरली तेव्हा तू खुर्चीतून ते पुरवलंस.

आणि पुस्तकाच्या दुकानातलं ते जाडजूड पुस्तक. ते दोघींचं. उभ्याने वाचायचं, दर शनिवारी एक प्रकरण, आधी तू मग मी, आणि निघताना प्रत पाकशास्त्राच्या पुस्तकांच्या मागे लपवून ठेवायची, म्हणजे कुणी विकत घेणार नाही. शेवटचं एकच प्रकरण राहिलं आणि कुणीतरी ती प्रत नेलीच. दुकानदाराच्या देखत आपण अशा हळहळलो, जणू आपल्याच घरात चोरी झाली. ते प्रकरण वाचायचं तर एकत्रच वाचायचं, असं तेव्हा ठरलं होतं. मागच्या महिन्यात नवीबद्दल फोनवर तू किती सहज म्हणालीस, "अगं, तिने ते पुस्तक विकत आणलं!" विकत! मी 'छान' म्हटलं. तू पुढे काहीतरी सांगत होतीस, पण मी 'बस आली' म्हणून फोन ठेवला. बस आली नव्हती. तो रस्ता बसचा नव्हताच.

यात माझं काय दुखतं ते स्पष्टच लिहिते. नवीच्या घरून तिला हवं ते मिळतं. तिच्याकडे स्कूटर आहे, तिला सिनेमाचं तिकीट परवडतं, पुस्तक परवडतं, केस कापायला ती चांगल्या ठिकाणी जाऊ शकते. तिला या सगळ्यात काय करायचंय? तिच्यासाठी ती गंमत आहे. आपल्यासाठी ती गंमत नव्हती, किंवा नंतर झाली, आधी ती रविवारची सोय होती. तू तिला कोर्टात घेऊन गेलीस हे कळलं, तेव्हा मी दोन दिवस इथे घरी मावशीशी धड बोलले नाही. त्या बिचारीला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

आता मुख्य गोष्ट. घर बघणं. तो शोध कुणा एकीचा नाही, कारण तिथे आपल्याला उन्हाने ढकललं होतं. दुपारी चालत येताना तो मोठा फलक दिसला आणि काचेचं दार उघडून कुणीतरी बाहेर आलं, त्याबरोबर गार हवेचा असा झोत आला की आपण दोघी जागच्या जागी थांबलो. मी म्हटलं, आपल्याला कोण आत घेणार. तू म्हणालीस, चेहरा असा कर की तुला काहीच पसंत पडत नाही. आणि आईची जुनी पर्स काखोटीला मारून तू त्या बिल्डरच्या ऑफिसात अशी शिरलीस, जणू इमारत तुझ्या आजोबांनी बांधली. निळं जाकीट घातलेली एक मुलगी पुढे आली आणि सगळे दात दाखवत म्हणाली, "आपण पहिल्यांदाच आलात का?" तू म्हणालीस, "हो, ही माझी धाकटी बहीण." झालं. एका वर्गात शिकणाऱ्या, एका वयाच्या आपण, पण तू उंच, म्हणून त्या दिवशी तू ताई झालीस आणि मी धाकटी, आणि पुढे कॉलेजातही तेच नाव पडलं. ताई बँकेत नोकरीला, धाकटी शिकते आहे, आई-बाबा निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला येणार, म्हणून मोठं घर हवं. हे सगळं तू कॉफी येईपर्यंत रचलंस.

मग सॅम्पल फ्लॅट. मला तर तो स्वर्गच वाटला होता. गालिचा, दिवे, टेबलावर मांडलेल्या ताटल्या. तू पलंगावर आडवी झालीस तर तुझे पाय घोट्यापासून बाहेर लोंबायला लागले. कपाटातली पुस्तकं ओढली तर नुसत्या पाठी चिकटवलेल्या. आणि मी बाथरूमचा नळ सोडला, तर पाणीच नाही. दाखवणारा माणूस ओशाळला आणि म्हणाला, "मॅडम, हे नुसतं बघायला आहे." त्यानंतर प्रत्येक ठिकाणी नळ सोडणं हे माझं काम ठरलं आणि "सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?" हे विचारणं तुझं. या प्रश्नाने समोरचा माणूस हमखास गडबडायचा आणि आपल्याला खरं गिऱ्हाईक समजायचा. शेवटी नंबर मागायचे, तेव्हा तू माझा द्यायचीस, कारण तुला खोटं बोलताना हसू येतं आणि मला येत नाही. सोमवारी फोन आला की मी गंभीरपणे सांगायचे, "बाबांना विचारून कळवते." किती बिल्डर माझ्या बाबांच्या उत्तराची वाट बघत बसले असतील! आणि माझे बाबा तिकडे दुसऱ्याच्या मालाचा ट्रक चालवत असायचे.

पण यातलं एक तू कधी मोठ्याने बोलली नाहीस आणि मीही नाही. प्रत्येक फ्लॅटमध्ये तू आधी माझी खोली शोधायचीस. स्वयंपाकघराच्या शेजारची, सगळ्यांत छोटी, पण खिडकी असलेली. "ही धाकटीची," असं तू दाखवणाऱ्या माणसाला बजावायचीस आणि मग मला म्हणायचीस, टेबल इकडे लावू या, तुला डाव्या बाजूने उजेड लागतो. आमच्या घरी एका खोलीत आम्ही पाच जण, आणि माझा अभ्यास पाण्याच्या पिंपाला टेकून. हे मी तुला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरंच काही सांगता सांगता. या शहरातल्या किती इमारतींत माझी खोली आहे, सांग बरं! एकीत मी पिवळे पडदे लावलेत. एकीच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. ते तू नवीला सांगितलंस का? पिवळे पडदे?

मग बाबांची पाठ गेली, ट्रक सुटला, आणि दुसरं वर्ष संपता संपता माझं कॉलेज सुटलं. तू तेव्हा रडलीस. मी रडले नाही, कारण एकीने रडायचं तर दुसरीने सामान बांधायला हवं. मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मावशीकडे राहायला आले आणि तुला कळवलं की एका बांधकाम कंपनीत ऑफिसचं काम मिळालंय, रविवारी सुट्टी नसते. तू विचारलंस, रविवारी कसलं ऑफिस? मी म्हटलं, हिशेबाचं काम तुंबतं. नंतर तू परत परत म्हणत राहिलीस, एक रविवार काढ ना, आपण तिघी जाऊ. तिघी! हा शब्द माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. मी 'बघते' म्हणायचे. गेल्या आठवड्यात तू पुन्हा तेच विचारलंस आणि मी उत्तरच दिलं नाही, ते यासाठी.

ऑफिसचं काम म्हणजे नेमकं काय, ते आता ऐक. माझ्याकडे एक निळं जाकीट आहे. मी काचेच्या दाराशी उभी राहते आणि सगळे दात दाखवून विचारते, "आपण पहिल्यांदाच आलात का?" आपण घरी जाऊन जिची नक्कल करायचो ना, ती मी. तू तिचं हसू इतकं हुबेहूब करायचीस की मी कॉटवरून खाली पडायचे. आता सांग, तुला हे कुठल्या तोंडाने कळवायचं? रोज सकाळी मी सॅम्पल फ्लॅटच्या उशा फुगवते, ताटल्या पुसते, कॉफीच्या मशीनमध्ये दूध भरते. आपल्याला न सुटलेली कोडी मला इथे सुटली. तो पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतात, म्हणजे खोली ऐसपैस दिसते. आणि कुठल्याच खोलीला दार का नव्हतं, आठवतं का, आपण म्हणायचो की सुतार पळून गेला असेल? तेही त्याचसाठी. आणि फुकटे विद्यार्थी कसे ओळखायचे, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. खरं गिऱ्हाईक आल्या आल्या किंमत विचारतं. विद्यार्थी किंमत सोडून सगळं विचारतात आणि बिस्किटं खातात. त्यांना मी दुसरी बशी आणून देते आणि साहेबांना सांगते, चांगली पार्टी वाटते.

तर काल, रविवारी. गर्दी नव्हती. मी बाथरूममधले दिखाऊ टॉवेल नीट लावत होते. साहेब कुणालातरी घेऊन आत आले, आणि हॉलमधून आवाज आला, "सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं?"

तुझा आवाज, तुझा प्रश्न. अंगावर निळं जाकीट, छातीवर कंपनीचा बिल्ला, आणि फ्लॅटला एकही दार नाही. मी टबमध्ये चढले आणि पडदा ओढून घेतला. एवढी मोठी बाई मी, कोरड्या टबात, हातात टॉवेल घेऊन! तू ऊन-वाऱ्याबद्दल साहेबांना पिळत होतीस आणि ते भरभरून खोटं बोलत होते. मग कुणाचीतरी पावलं बाथरूमकडे आली. नवी. पडदा आणि ती, मध्ये हातभर अंतर. तिचं अत्तर मला येत होतं, चांगलं होतं, त्याचाही राग आला. आणि तिने काय केलं माहीत आहे? तिने नळ सोडला. सोडला आणि हाक मारली, "ताई, पाणी नाही येत गं!"

ताई! त्या क्षणी मी पडदा बाजूला करून तिच्या झिंज्याच धरणार होते. कॉट घेतलीस, कोर्ट घेतलंस, पुस्तक घेतलंस, आता नळ पण? तो माझा नळ आहे! पगार, नोकरी, बिल्ला, सगळं एका बाजूला ठेवून मी पडद्याला हात घातला होता. देवाशपथ सांगते, घातला होता. तेवढ्यात तुम्ही पॅसेजमध्ये पुढे गेलात आणि स्वयंपाकघराच्या शेजारी थांबलात. नवी म्हणाली, "ही छोटी खोली मला! खिडकी किती गोड आहे!" मी डोळे मिटून घेतले. मला ऐकायचं नव्हतं. पण दारं नसलेल्या घरात न ऐकण्याची सोय नसते.

तू म्हणालीस, "ही नाही. ही धाकटीची आहे."

नवी हसली. "मग मी कोण?"

तू जराही न अडखळता म्हणालीस, "तू मधली."

साहेबांचे कान टवकारले असणार. त्यांनी विचारलं, "धाकट्या आल्या नाहीत वाटतं?" आणि तू त्यांना म्हणालीस, "तिला रविवारी काम असतं. पण तिने बघितल्याशिवाय आमचं काही ठरत नाही. नंबर तिचाच देते, तिच्याशीच बोला." मग नवीला हळू आवाजात काहीतरी सांगितलंस. मला तेवढंच ऐकू आलं की, इथे पडदे पिवळे हवेत.

तुम्ही गेलात, काचेचं दार बंद झालं, आणि मी त्या टबात बसून रडले. मनसोक्त. बाबांची पाठ गेली तेव्हाचं, कॉलेज सुटलं तेव्हाचं, सामान बांधायचं म्हणून राहून गेलेलं, सगळं एकदमच आलं. मग तोंड धुवायला नळ सोडला आणि अर्थातच पाणी नाही. दिखाऊ टॉवेलने तोंड पुसलं. त्याला अजून किमतीची चिठ्ठी होती, ती गालाला टोचली. बाहेर आले तर साहेब हात चोळत उभे. "पक्की पार्टी! तीन बहिणी आहेत, निर्णय धाकटीच्या हातात आहे. उद्या सकाळी पहिला फोन तिला कर, गोड बोल, आणि काही करून येत्या रविवारी घेऊन ये." आणि माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. माझाच नंबर. तुझ्या त्या गिचमिड अक्षरात, खाली रेघ मारून. तेव्हा मला दर सोमवारचे ते सगळे गोड आवाज आठवले. "अहो पण ताई म्हणाल्या की," याच्या पुढे ते काय सांगणार होते, ते मी एकदाही ऐकून घेतलं नव्हतं.

आज सोमवार आहे. आज मला कुठल्याही बिल्डरचा फोन आलेला नाही, कारण आज तो फोन करायचं काम माझ्याकडे आहे. साहेब सकाळपासून तीनदा विचारून गेले, धाकटीशी बोलणं झालं का? मी सांगितलं, झालं, यायचं म्हणते आहे, पण ताईला पत्राने कळवणार आहे, जुन्या वळणाची माणसं दिसतात. म्हणून हे पत्र. आता कागद उलटून बघ. जुनी माहितीपत्रकं आहेत, रद्दीत चालली होती, मागे फ्लॅटचा नकाशा आहे. कुठे यायचं ते तुला कळलंच असेल. रविवारी सकाळी ये, दार उघडल्या उघडल्या, गर्दीच्या आधी. दाराशी निळ्या जाकिटातली एक मुलगी सगळे दात दाखवत विचारेल, आपण पहिल्यांदाच आलात का? तिला हसायचं नाही. हसलीस तर बिस्किटं मिळणार नाहीत. साहेबांसमोर निळ्या जाकिटातल्या मुलीने तुमची धाकटी कशी व्हायचं ते मी बघते. आणि नाही जमलं, तर साहेबांना खरं काय ते सांगेन, जायची ती नोकरी जाईल. पण ती खोली मी तुझ्याबरोबर आत जाऊन बघणार. ते पुस्तक आण, शेवटचं प्रकरण वाचलं असशील तर चेहऱ्यावर दाखवू नकोस. आखूड पलंगावर तिघींना कसं बसायचं ते बघू. हो, तिघी. मधलीलाही आण. माझ्या पोटात अजून दुखतंय, आणि आल्या आल्या माझ्या वरचा, मधलीचा नंबर तिला कसा मिळाला, याचा जाब मी तुला विचारणारच आहे. तिला कॉफी देईन, बिस्किटंही देईन. फक्त एवढं सांगून ठेव, नळाला हात लावायचा नाही.

तुझीच,
धाकटी